शिव्या घालत पाहिलं तरी ते पाहिलंच

माझी आत्या परळला राहते. चाळ होती तिथे आता टॉवर झालाय आणि ती बाविसाव्या मजल्यावर गेलीय, पण सवयी अजून चाळीतल्याच. संध्याकाळी सात वाजले की मांडीवर परात, परातीत मेथीची जुडी आणि समोर मालिका. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा नायिकेच्या हाती एकदाचा पुरावा लागला होता, खलनायिकेचं बोलणं रेकॉर्ड झालेला मोबाइल. नवरा दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि ही बया मोबाइल पदराखाली लपवून नुसती रडतेय. आत्याने मेथीची काडी परातीत आपटली. "अगं दाखव की त्याला! तोंड दिलं नाही का देवाने?" मग माझ्याकडे वळून, "तीन आठवडे हेच चाललंय. डोक्यात जाते अगदी."

मी म्हटलं, "मग लाव की दुसरं काहीतरी."

"थांब गं. आज सांगेल बहुतेक."

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सातला आत्या पुन्हा हजर.

दर आठवड्याला मालिकांच्या टीआरपीची यादी मोबाइलवर फिरते. तिच्याखाली ठरलेली वाक्यं असतात. "ही पहिल्या नंबरवर? कोण बघतं हा कचरा?" तर माझी आत्या बघते. आणि विचारणारेही बघत असावेत, नाहीतर मोबाइल पदराखाली लपवलाय हे त्यांना कळलं कसं?

लोक इतके चिडतात तरी मालिका वर कशी, हे कोडं सोडवायचं तर आधी मोजतात काय ते पाहायला हवं.

टीआरपी म्हणजे नक्की कसला आकडा?

टीआरपी म्हणजे टेलिव्हिजन रेटिंग पॉइंट. ज्यांच्या घरी टीव्ही आहे अशा माणसांपैकी शेकडा किती जण सरासरी कोणत्याही एका मिनिटाला तो कार्यक्रम बघत होते, ते सांगणारा आकडा.

एका चाळीत शंभर माणसं आहेत असं धरा. मालिका अर्ध्या तासाची. चौघांनी ती पूर्ण पाहिली, म्हणजे 120 मिनिटं. दोघं जण मधे कुकर बघायला उठले आणि त्यांची निम्मीच पाहून झाली, म्हणजे आणखी 30. एकूण 150 मिनिटं. शंभर माणसांनी पूर्ण अर्धा तास पाहिलं असतं तर 3000 मिनिटं झाली असती. दीडशे म्हणजे त्याचे पाच टक्के. टीआरपी पाच.

या हिशोबात 'आवडलं का?' असा रकाना कुठेच नाही. चौघांपैकी एक जण डोळे पुसत पाहत होता, एक जण दात-ओठ खात, आणि एकाला तर मागच्या बाजूला डुलकी लागली होती. हिशोबात तिघांची किंमत सारखीच. माझ्या मते मराठी मालिकांबद्दलचे निम्मे वाद एवढ्या एका गोष्टीवर मिटावेत, पण मिटत नाहीत.

हे मोजमाप आपल्याकडे बार्क इंडिया ही संस्था करते. तिचं मुख्यालय मुंबईतच आहे. वाहिन्या, जाहिरातदार कंपन्या आणि जाहिरात एजन्सी या तिघांच्या संघटनांनी मिळून ती 2010 मध्ये उभी केली आणि 2015 पासून तिचे आकडे येऊ लागले. निवडलेल्या घरांत टीव्हीला एक मीटर जोडलेला असतो. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, त्या खुणेवरून मीटर वाहिनी ओळखतो. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक बटण असतं. टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. म्हणजे मीटर कान देऊन ऐकतो खरा, पण टीव्हीचं. आत्याचं नाही.

आमच्याकडे कधी कोणी मीटर लावायला आलं नाही!

हा आक्षेप मी लोकलच्या लेडीज डब्यात, हळदीकुंकवाला आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे ऐकलाय. बार्कनेच 2020 मध्ये देशात टीव्ही असलेली साधारण 21 कोटी घरं मोजली होती. मीटर तेव्हा साधारण 45 हजार घरांत होते. एवढ्याशा घरांवरून देशाची आवड कशी कळणार?

शितावरून भाताची परीक्षा करतात तशीच. मोठ्या पातेल्यातला भात शिजलाय का बघायला लहान पातेल्यापेक्षा जास्त शितं चेपावी लागत नाहीत. रक्त तपासणाराही धिप्पाड माणसाकडून बादलीभर रक्त घेत नाही. नमुना किती मोठा यापेक्षा तो सगळीकडून नीट उचललाय का, याला महत्त्व जास्त. शहर, गाव, श्रीमंत, गरीब, लहान घर, मोठं घर, सगळ्यांतून आपापल्या प्रमाणात.

अडचण तिथेच येते, आणि आक्षेप घेणाऱ्यांना मी तिथे अर्धे गुण देते. पातेल्यात भात असेल तर ठीक, पण पुलाव असेल तर? काजू एका कोपऱ्यात जमले असतील तर चार शितांवरून काजूंचा अंदाज लागत नाही. राज्यभर सात वाजता काय चालतं याचा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. पण एखाद्या छोट्या वाहिनीवर रात्री साडेदहाला लागणारा कार्यक्रम पंचविशीतल्या शहरी मुलींनी किती पाहिला, हा आकडा दोन-चार घरांनी चॅनल बदललं तरी हेलकावतो. मोजक्याच लोकांची मनापासून आवडती असलेली मालिका या चाळणीतून सहज गळून पडते.

आणि हेराफेरी? मीटरची घरं म्हणूनच गुप्त ठेवतात. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की मीटर असलेल्या काही घरांना ठराविक वाहिन्या चालू ठेवण्यासाठी पैसे दिले जात होते. बार्कने तेव्हा बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढे कोर्टाच्या परवानगीने तो खटला मागे घेतला गेला. वाद मुख्यतः बातम्यांच्या वाहिन्यांचा होता. तुमची नावडती मालिका वर आहे म्हणजे घोटाळाच असणार, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. त्याची कारणं घरातच सापडतात.

पण चिडून बघायचंच कशाला?

रोजची मालिका हा उधारीचा धंदा आहे. वाण्याच्या वहीत जसं मागलं देणं थोडं फेडायचं आणि तेवढंच नवीन मांडायचं, तसं. सोमवारी एक प्रश्न उभा करायचा, मंगळवारी त्याचं अर्धं उत्तर द्यायचं आणि जाता जाता दुसरा प्रश्न लावून द्यायचा. शेवटच्या मिनिटाला दार उघडतं, सगळ्यांचे चेहरे एकेक करून तीन तीनदा दिसतात, आणि कोण आलंय ते उद्या. या जागेला लिहिणारे 'हुक' म्हणतात. मासा गळाला लागतो तो आमिष आवडलं म्हणूनच असं नाही. गळ अडकलेला असतो म्हणूनही तो सुटत नाही.

ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली प्रयोग करून दाखवलं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट सुटलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं. उडप्याच्या हॉटेलातल्या वेटरला बिल होईपर्यंत सहा टेबलांच्या ऑर्डरी तोंडपाठ असतात आणि पैसे दिले की तो तुम्हाला विसरतो, तसं. पुढच्या अभ्यासकांना हा परिणाम दर वेळी सापडला नाही. मालिका लिहिणाऱ्यांना मात्र रोज सापडतो.

दुसरी गोष्ट ओळखीची. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं होतं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं. तो आपल्याला ओळखत नाही, आपण मात्र त्याच्या घरातले होतो. निळू फुले समोर दिसले की बायका बोटं मोडायच्या म्हणतात, ते यातूनच. घरातल्या माणसावर आपण चिडतो, म्हणून त्याचं तोंड बघायचं सोडतो का? जावेबद्दल तासभर तक्रार करणारी बाई जावेच्या घरी काय चाललंय ते आधी विचारते. आत्याचा राग हा त्या जातीचा. रागच यायचा थांबला तर मालिकेने घाबरावं.

'माझ्या नवऱ्याची बायको' (2016 ते 2021) आठवा. त्यातला बायकोला फसवणारा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया यांच्यावर जेवढे विनोद झाले, जेवढे लोक त्रासले, तेवढे क्वचितच कोणावर झाले असतील, आणि मालिका बराच काळ पहिल्या नंबरावर होती. 'होणार सून मी ह्या घरची' (2013 ते 2016) मधलं जान्हवीचं लांबलेलं गरोदरपण हा तर व्हॉट्सअॅपवरचा राज्यव्यापी विनोद झाला होता. तो विनोद कळायला आणि पुढे पाठवायला मालिका कुठवर आलीय हे माहीत असावं लागायचं.

हजारो कॉमेंट येतात, त्या कोणी वाचतच नाही का?

वाचतात. पण त्यांचं वजन करून वाचतात. सोसायटीच्या वार्षिक सभेला कोण येतं? ज्याच्या छतातून गळतंय तो. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय तो घरी मॅच बघत बसतो. सभेतल्या आरडाओरड्यावरून अख्खी बिल्डिंग गळतेय असं सेक्रेटरीने धरलं तर तो वेडा, आणि गळतीच नाही असं धरलं तर पुढच्या पावसाळ्यात त्याची खैर नाही. वाहिनीची नेमकी हीच पंचाईत असते. भाग बरा वाटला तर माणूस टीव्ही बंद करून जेवायला बसतो. "छान होता आजचा भाग" असं लिहायला कोण मोबाइल हातात घेतो?

प्रेक्षकाच्या बोलण्याने गोष्ट वळते याचा आपल्याकडचा जुना दाखला 'हम लोग'चा आहे. 1984-85 मध्ये दूरदर्शनवर त्याचे 156 भाग झाले आणि प्रेक्षकांची सुमारे 4 लाख पत्रं आली. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन चार गोष्टी बोलायचे. सुरुवातीला मालिकेत कुटुंबनियोजनाचा उपदेश भरपूर होता. लोक कंटाळले, तेव्हा उपदेश पातळ करून घरातल्या कटकटी वाढवल्या, आणि मालिकेने पकड घेतली. कटकटी वाढवा हे प्रेक्षकानेच पहिल्यांदा सांगितलं होतं, हे आज कोणाला आठवत नाही. आणि मालिकेचा प्रायोजक होता मॅगी. दोन मिनिटांच्या नूडल्स मध्यमवर्गाच्या घरात शिरल्या त्यात या कौटुंबिक रडारडीचाही हात होता.

पत्र लिहायचं म्हणजे कार्ड आणा, वेळ काढा, पेटीत टाका. एवढे कष्ट घेणाऱ्याचं म्हणणं जड वाटायचं. कॉमेंटला कष्ट नाहीत, म्हणून तिचं वजनही कमी.

सांगूनही लगेच बदलत का नाही?

कारण राग पोचायला वेळ लागतो. बिघाड बदलापूरला होतो आणि दादरच्या फलाटावर गर्दी चांगली अर्ध्या-पाऊण तासाने दिसते, तसं. बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे सोमवारच्या भागाचा निकाल लागतो दहा दिवसांनी. तोवर गोरेगावच्या चित्रनगरीत, मढच्या बंगल्यांत किंवा घोडबंदर रोडच्या सेटवर पुढचे भाग चित्रित होऊन पडलेले असतात. प्रक्षेपणाआधी तयार असलेल्या भागांच्या या साठ्याला सेटवर 'बँक' म्हणतात. बँक भरलेली असेल तर तुमचा आजचा संताप आधीच चित्रित झालेल्या भागांवर आपटून परत येतो. बँक रिकामी असेल तर वेगळीच गंमत. सकाळी लिहिलेला सीन दुपारी चित्रित होतो आणि तेव्हा विचार करायला वेळच कोणाकडे नसतो. त्यात कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि प्रत्येकावर वाहिनीचा शब्द.

मग ताणायचं किती, याला काही हद्द?

हद्द पैशाची. जाहिरातीची वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते आणि तिचा भाव टीआरपीवर ठरतो. नियमाने तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. मालिका वर असेल तर तीच 12 मिनिटं महाग विकली जातात. वाड्याचा सेट उभारायचा खर्च एकदाच होतो, पुढचा प्रत्येक भाग त्याच भिंतींमध्ये निघतो. उलट नवी मालिका म्हणजे नवा सेट, नवे चेहरे, प्रोमो, शहरभर होर्डिंग, आणि चालेल याची खात्री शून्य. चालू दुकान बंद करून शेजारी नवं काढायला कोण धजेल? 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. नाव मात्र चारच दिवसांचं.

मालिका बंद पडते ती लोक चिडले म्हणून नाही, लोक उठून गेले म्हणून. या दोन गोष्टींत आपण सारखी गल्लत करतो.

विनोदी कार्यक्रमांना हेच लागू होतं?

अर्धवट. विनोद हा रोखीचा धंदा. हसू आलं तर आत्ता, नाही आलं तर गेलं. उद्याचं स्किट बघायला आजचं पाहिलेलं असावं लागत नाही, त्यामुळे गळही नाही आणि सवयही सैल. माणूस सहा दिवस चुकवतो आणि सातव्या दिवशी त्यातला चार मिनिटांचा तुकडा यूट्यूबवर बघून पोट धरून हसतो. तो तुकडा लाखोंनी पाहिला तरी टीव्हीच्या टीआरपीत त्यातलं काही जमा होत नाही. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधलं वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं आणि टीआरपीच्या यादीत मात्र ती रोजच्या रडक्या मालिकांच्या खाली असू शकते. यात विसंगती नाही, दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली लांबी आहे.

विनोदाला आणखी एक जोखीम. घरात एकटं बसून माणूस कमी हसतो. 1950 च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या अमेरिकी ध्वनीतंत्रज्ञाने यावर उपाय म्हणून एक पेटीच बनवली, कळ दाबली की हवं तसं हसू. खुदकन, खो खो, मागच्या रांगेतल्या एकट्या बाईचं. आपल्या कार्यक्रमांत ते काम समोर बसवलेले परीक्षक आणि पाहुणे करतात. कॅमेरा त्यांच्याकडे वळला की आपल्याला कळतं, आता हसायचं. मला स्वतःला ते फार झालं की राग येतो. चांगला विनोद असेल तर बोट दाखवायची गरज काय?

"पूर्वीसारखं राहिलं नाही" ही तक्रार सर्वात जास्त विनोदालाच ऐकावी लागते, आणि तिच्यात तथ्य आहे. मुंबई दूरदर्शनवरच्या 'चिमणराव'च्या मागे चिं. वि. जोशींच्या कथांची शिदोरी होती. आज दर आठवड्याला कोरी पाटी घेऊन नवी स्किटं लिहावी लागतात. रोज नवा पदार्थ करणाऱ्या बाईच्या हातून कधीतरी मीठ कमी पडणारच. 'चला हवा येऊ द्या' अशा कामावर 2014 पासून 2024 पर्यंत चालला, याचंच मला नवल वाटतं.

मग आपली नाराजी दाखवायची तरी कशी?

भाग आक्षेपार्ह असेल, म्हणजे हिंसा, अश्लीलता, कोणाची बदनामी, तर वाहिनीकडे तक्रार करता येते, आणि त्याच्या वर वाहिन्यांच्या संघटनेने 2011 मध्ये नेमलेली बीसीसीसी ही परिषद आहे. ताणलं म्हणून दाद मागायला मात्र कुठलीच परिषद नाही.

तुमच्या घरी मीटर असेल तर चॅनल बदलणं हीच तक्रार. मिनिटामिनिटाचा आलेख निघतो, त्यात कुठल्या सीनला माणसं उठली ते दिसतं. मीटर नसेल आणि तुम्ही तीच मालिका मोबाइलच्या अॅपवर बघत असाल, तर तिथे शितांची गरजच नाही, अख्खा भात मोजला जातो. कुठे थांबवलंत, कुठे पुढे ढकललंत, कितव्या भागाला सोडून दिलंत, सगळं कंपनीला कळतं. रडारडीचा सीन पुढे ढकलणारं बोट हे शंभर कॉमेंटींपेक्षा जास्त बोलतं. पण आत्याला अॅप नको असतं. तिला सात वाजता हवं असतं.

हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. मीटर, शितं, गुरुवार, उधारी. तिने मेथी निवडत शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आपल्याकडे मीटर नाही ना?"

"नाही."

"मग मी बघितलं काय नि नाही बघितलं काय, त्यांना फरक शून्य."

"तसं म्हटलं तर शून्यच."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि रिमोट उचलून आवाज वाढवला. सातला दोन मिनिटं कमी होती.